शर्यतीत आधी गाव विचारतात

चैत्रातल्या एका रविवारी मुलाला घेऊन मी शिरूर तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेला गेलो होतो. मुलगा बारा वर्षांचा. मोबाईलवर बैलगाड्यांच्या शर्यती बघून बघून त्याला एकदा प्रत्यक्ष घाट बघायचा होता. आमच्या उत्तर पुण्यात शर्यतीच्या चढत्या धावपट्टीला घाट म्हणतात. दोन्ही कडांना माणसांची भिंत, भंडाऱ्याने पिवळी झालेली माती आणि माईकवरून पुकारणाऱ्याचा न थांबणारा आवाज. गाडा सुटतो तेव्हा बैलांच्या पुढे घोडीवरचा स्वार निघतो. घोडी पळते आणि बैल तिच्या मागे झेपावतात. एक बारी, म्हणजे एक धाव, काही सेकंदांतच संपते. पुढची बारी लागेपर्यंत मात्र बराच वेळ जातो, आणि तेवढा वेळ बांधावरची अनोळखी माणसे एकमेकांशी बोलत असतात.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, हातात शेंगांचा पुडा. त्यांनी पुडा माझ्यापुढे केला आणि विचारले, "पाव्हणं, गाव कंचं?"

"दौंड," मी म्हणालो.

"लांबनं आलाय. घ्या शेंगा."

झाले, ओळख झाली. नंतर अर्धा तास आम्ही घोडीबद्दल, बैलांच्या पायांबद्दल, यंदाच्या उन्हाबद्दल बोललो. मग माझ्या मुलाने मोठ्याने हाक मारली, "अब्बू, तो बघा!" पुढे उभा असलेला एक तरुण मागे वळला. त्याने माझ्याकडे बघितले आणि विचारले, "नाव काय तुमचं?"

मी नाव सांगितले. क्षणभर कुणीच काही बोलले नाही. मग म्हातारबाबा शेंग फोडत त्या पोराला म्हणाले, "दौंडचा हाय त्यो. मघाशीच सांगितलंय की त्यानं."

एवढेच. पण त्या एका वाक्यामुळे घरी आल्यावर मी शर्यतीतल्या बोलण्याच्या रीतीविषयी वाचू लागलो, आठवू लागलो. हा लेख त्यातून झाला.

माझे आजोबा नालबंद होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. घोड्यांना नाल आणि बैलांना पत्री ठोकायचे काम. शिरूर ते दौंड, मध्ये न्हावरे आणि चौफुला, या वाटेवरच्या बाजारांत आणि यात्रांत त्यांचे आयुष्य गेले. दादांना शाळा फारशी मिळाली नाही, पण परक्या माणसाशी कसे बोलावे याचा त्यांचा एक अलिखित धडा होता. जनावराजवळ जाताना आधी मालकाला सलाम किंवा रामराम घालायचा आणि मगच जनावराकडे बघायचे. समोरचा ज्या भाषेत सलाम करील त्याच भाषेत उत्तर द्यायचे. आधी गाव विचारायचे. नाव त्याने आपणहून सांगितले तर ऐकायचे. न विचारता जनावराच्या अंगाला हात लावायचा नाही. "केवढ्याला घेतलं?" हे चारचौघांत विचारायचे नाही. जनावराचे कौतुक केले तर आपण "माशाल्लाह" म्हणायचे, आणि मालक जनावराची दृष्ट काढू लागला तर हसायचे नाही. शेवटचा नियम सर्वांत कडक होता. मालकाच्या तोंडावर त्याच्या जनावराची खोड काढायची नाही.

लहानपणी मला वाटायचे, ही दादांची भिडस्त वृत्ती. पुढे उर्दू आणि मराठी शिकवायला लागलो तेव्हा शब्दांतून वेगळेच दिसू लागले.

"शर्यत" हा शब्दच बघा. तो अरबी "शर्त"वरून आला. शर्त म्हणजे अट. उर्दूत आजही शर्त म्हणजे अट आणि शर्त म्हणजेच पैजही. मराठीत आपण करारावर "अटी व शर्ती" लिहितो, जिवाची "शर्थ" करतो आणि बैल पळवतो ती "शर्यत". सगळे एकाच घरचे शब्द आहेत. आपला "पैज" हा शब्दही संस्कृत "प्रतिज्ञा"वरून आलेला. म्हणजे दोन्ही बाजूंनी अर्थ एकच निघतो. धावणे नंतर येते, आधी दोन अनोळखी पक्षांनी काहीतरी कबूल केलेले असते. ते कबूल केलेले मोडले की शर्यत उरत नाही, भांडण उरते. घोड्याच्या अंगावरचा निम्मा मराठी शब्दकोश असाच फारसी-अरबीतून आला आहे. लगाम, रिकीब, खोगीर, नाल, चाबूक, पागा, अबलख. हे शब्द मराठीत आले ते घोड्यांबरोबर आणि घोडेवाल्यांबरोबर. त्या काळी परकी माणसे एकमेकांशी बोलली, म्हणून आज ते आपल्या आजीच्या तोंडी आहेत.

आमच्या भागाचे नाते तर घोड्याशी फार जुने. इंग्रजांच्या काळात आजच्या दौंड-बारामतीकडचा मुलूख भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई. भीमेच्या काठची भीमथडी तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. अंगाने आटोपशीर, कमी दाणावैरणीवर भागवणारी, डोंगरवाटांना न थकणारी. आज धनगर आपला संसार ज्या तट्टांवर लादून फिरतात ती याच वंशाची. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. शिरूर तालुक्याच्या आलेगाव पागा या गावाच्या नावातच पागा आहे. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे घोड्यांची पैदास करून पाहिली होती. 1817 च्या तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जे घोडदळ उभे राहिले, त्याचे ठाणे शिरूरच्या छावणीत होते. तेच पुढे पूना हॉर्स म्हणून प्रसिद्ध झाले.

या घोडदळांत दोन तऱ्हेचे स्वार असत. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची नोकरी, पगार, मान सारे धोक्यात येई. तो एका दिवसात बारगीर होऊ शके. आता विचार करा, अशा माणसाला कुणी परक्याने भर छावणीत म्हटले, "तुमचा घोडा पुढच्या पायात जरा लंगडतो", तर ते त्याला कसे ऐकू जाईल? त्याच्या भाकरीवरच बोट ठेवल्यासारखे. दादांचा शेवटचा नियम कुठून आला असावा, ते मला इथे कळले. शिलेदार गेले, पण आज कर्ज काढून बैल सांभाळणाऱ्या गाडामालकाचे काळीज त्याच जागी असते.

बोलण्याची रीत मोडली तर काय होते, याचा दाखला अरबांच्या इतिहासात आहे. इस्लामपूर्व काळात अब्स आणि जुब्यान या दोन टोळ्या होत्या. दोघी गतफान या एकाच मोठ्या कुळातल्या, म्हणजे भाऊबंदच. अब्सचा कैस बिन जुहैर आणि जुब्यानचा हुजैफा बिन बद्र यांच्यात घोड्यांवरून बोलाचाली झाली, बढाया झाल्या, आणि उंटांची पैज लागली. कैसचा दाहिस हा घोडा पुढे निघाला. तेव्हा वाटेत दबा धरून बसलेल्या माणसांनी त्याला आडवून मागे वळवले. पैजेचे उंट द्यायचे की नाही यावरून वाद, वादातून खून आणि खुनातून युद्ध. दाहिस आणि गब्रा या दोन जनावरांच्या नावाने ते युद्ध ओळखले जाते. परंपरा सांगते की ते चाळीस वर्षे चालले. प्रसिद्ध कवी अंतरा याच युद्धातला योद्धा. घोडे बिचारे काही क्षणच पळाले होते.

त्याच अरबस्तानात, हे युद्ध अजून लोकांच्या आठवणीत ताजे असताना, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. बुखारीच्या हदीससंग्रहात त्याचे वर्णन आहे. शर्यतीसाठी कसून तयार केलेले घोडे हफयापासून सनियतुल विदापर्यंत पळाले, हे अंतर पाच-सहा मैलांचे. जे घोडे तयार केलेले नव्हते त्यांच्यासाठी वेगळी, साधारण एका मैलाची शर्यत. अब्दुल्लाह बिन उमर स्वतः त्यात स्वार होते. मला यात महत्त्वाची वाटते ती गटांची वाटणी. जोडीला जोड बघूनच पळवायचे. आपल्याकडेही बऱ्याच मैदानांत बैलांच्या दातांवरून आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात. हरणाऱ्याला "मला फसवले" म्हणायला जागा ठेवायची नाही, हा त्यामागचा विचार.

दुसरी गोष्ट उंटिणीची. प्रेषितांची अजबा नावाची उंटीण कधी हरत नसे. एक दिवस वाळवंटातला एक अनोळखी माणूस आपल्या तरण्या उंटावर आला आणि अजबाला मागे टाकून गेला. सोबत्यांचे चेहरे उतरले. प्रेषितांनी त्यांना समजावले ते असे, की जगात जे वर चढते त्याला खाली आणणे हा अल्लाहचा नियमच आहे. त्या परक्याला कुणी त्याचे कूळ विचारले नाही. त्याचा विजय कुणी खोटा ठरवला नाही. वर्गात ही गोष्ट सांगतो तेव्हा मी मुलांना विचारतो, की त्या बदूचे नाव काय? मुले पुस्तक चाळतात. त्या हदीसमध्ये नाव नाही. तो आला, जिंकला, एवढेच तिथे आहे.

पैजेच्या बाबतीतही तिथे रेघ स्पष्ट आहे. शर्यत लावणाऱ्याने जिंकणाऱ्याला बक्षीस देणे चालते. बघ्यांनी आपापसांत पैसे लावणे हा जुगार, आणि तो हराम. त्यामुळे बांधावर शेजारचा माणूस "कुणावर लावलेत?" असे विचारतो तेव्हा माझी पंचाईत होते. पूर्वी मी त्याला हराम-हलाल समजावू लागायचो. त्याची बारी वाया जायची आणि माझीही. दादांचे उत्तर सोपे होते, "आपण नुसतं बघायला आलोय." तीन-चार शब्दांत आपली रेघ राखायची आणि दुसऱ्याचा अपमान करायचा नाही. आज मी तेच म्हणतो.

पैशाचे बोलणे अनोळखी माणसांत किती नाजूक असते, हे जनावरांच्या बाजारवाल्यांना सर्वांत चांगले कळले. सारंगखेडा, येवला, अकलूज, नांदेडकडचे माळेगाव, हे महाराष्ट्रातले नावाजलेले घोडेबाजार. आपल्याकडे जनावरांच्या बाजारांत रुमालाखाली सौदा करण्याची जुनी रीत आहे. विकणारा आणि घेणारा हात पुढे करतात, वर उपरणे किंवा रुमाल टाकतात आणि खाली बोटे दाबून भाव सांगतात. भोवती माणसांचे कोंडाळे असते, पण आकडा फक्त दोघांना कळतो. सौदा फिसकटला तरी मालकाची अब्रू जात नाही, कारण त्याचे जनावर किती कमी भावात मागितले गेले हे कुणाला कळलेले नसते. खोड सांगायची असेल तर तीही कानात. घोड्याच्या अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ यावर फारसी-उर्दूत फरसनामे आणि आपल्याकडे शालिहोत्राचे ग्रंथ लिहिले गेले. पण भर बाजारात कुणी जाणकार मोठ्याने "याचा भोवरा वाईट आहे" म्हणाला, तर त्याला जाणकार कोण म्हणणार? रुमालाखाली धरलेला तो हात कुणाचा आहे, मराठ्याचा, धनगराचा की मुसलमान हेड्याचा, हे बोटांना कळत नसते. दादा म्हणायचे, मी कितीतरी माणसांना त्यांच्या हातांवरून ओळखतो, त्यांची नावे मला माहीत नाहीत.

याच्या अगदी उलटी रीत इंग्रजांनी आणली. मुंबईत भायखळ्याला, नंतर महालक्ष्मीला, आणि पुण्याच्या कॅम्पात रेसकोर्स झाले. तिथे कुंपणे घालून प्रेक्षकांचे वर्ग पाडले. सभासदांचे आवार वेगळे, पहिल्या वर्गाचे वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. अनोळखी माणसाशी बोलायचे तर मध्ये ओळख करून देणारा हवा, ही साहेबांची पद्धत. म्हणजे बोलण्याचा प्रश्न त्यांनी तिकिटाने सोडवला. एका मित्राबरोबर मी एकदा पुण्याला रेस बघायला गेलो होतो. शेजारची माणसे माझ्याशी छान बोलली, पण सगळे बोलणे नंबरांचे. "चार नंबर येणार", "सातला काय भाव आहे?" एवढ्या गर्दीत कुणी मला गाव विचारले नाही आणि नावही विचारले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला आहे, त्यामुळे तिथली पैज कायद्यात बसते. माझ्या मनात मात्र बसली नाही. आणखी एक गोष्ट खटकली. तिथे मला कुणी परका मानले नाही, कारण कुणी कुणाला पाहुणा मानतच नव्हते. "पाव्हणं" हा शब्द त्या कुंपणात शिरलेला नाही.

आमच्या घाटांवर मधल्या काळात मोठा खंड पडला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्रात अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. जनावरांच्या हालांविषयीचा न्यायालयातला मुद्दा खोटा नव्हता. काठी, चाबूक यांवर बंधने आली ती योग्यच आली. दादाही शेपूट पिरगाळणाऱ्याच्या बैलाला पत्री ठोकत नसत. पण या सात-साडेसात वर्षांत एक गोष्ट नकळत तुटली. जी पोरे तेव्हा दहा-बारा वर्षांची होती, ती बांधावर म्हाताऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलीच नाहीत. त्यांनी शर्यत पाहिली ती मोबाईलवर. मोबाईलवर बारी दिसते, दोन बाऱ्यांमधले बोलणे दिसत नाही.

त्याच काळात बाहेरही हवा बदलली. 2015 मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. त्यानंतर जनावर घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत पहिला प्रश्न नावाचा येऊ लागला. माझ्या ओळखीचा एक हेडी होता, तीन पिढ्यांचा धंदा. शेतकऱ्याकडून बैल घ्यायचे आणि शेतकऱ्यालाच विकायचे. कागद जवळ असूनही रस्त्यात दोनदा अडवल्यावर त्याने धंदा सोडला. आता तो भाजीची गाडी लावतो. "गाव विचारायचे तोवर बरं होतं," एवढेच तो म्हणतो.

गाव आणि नाव यांत फरक काय, असे कुणी विचारील. गावाच्या पोटातही जात असते, आळी असते, वेस असते. जुने दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते, त्यांना बांधावर शेंगांचा पुडा मिळत होता का, हे त्यांनाच विचारले पाहिजे. तरीही गावाचा प्रश्न एक दार उघडतो. दौंड म्हटले की समोरचा म्हणतो, तिकडे आमची बहीण दिली आहे, किंवा जंक्शनला एकदा रात्र काढली होती, किंवा यंदा भीमेला पाणी किती? नाव विचारले की पुढे बोलायला काही उरत नाही. ऐकणारा मनात एक निकाल लावतो आणि गप्प होतो. घोडामैदान समोर असताना निकाल आधीच कशाला?

मात्र हा नियम फक्त दुसऱ्यांसाठी नाही, हेही माझ्या लोकांना सांगितले पाहिजे. आपणही कपाळावरचा टिळा बघून बोलणे आखडते घेतो. भंडारा अंगावर उडाला की कपडे झटकतो, तेही समोरच्याला दिसेल असे. मी स्वतः तसे केले आहे. भंडारा हळदीचा असतो, धुतला की जातो. आपण झटकला ते समोरच्याच्या लक्षात राहते.

आता पुन्हा त्या बांधावर जातो. म्हातारबाबा बोलले आणि तो तरुण जरा ओशाळला. काही वेळाने, पुढची बारी लागायच्या आधी, तो मागे वळला आणि माझ्या मुलाला म्हणाला, "ये की रं पुढं, तिथनं काय दिसतंय तुला?" त्याने मुलाला आपल्या पुढे उभे केले आणि गर्दीचा लोंढा आला तेव्हा दोन्ही हात पसरून त्याला राखले. घोडी वाऱ्यासारखी वर गेली, मागून बैल गेले, पुकारणाऱ्याने "भिर्रर्र" केले आणि सगळा बांध ओरडला. मुलगा परत आला तेव्हा त्याच्या केसांत भंडारा होता. मी झटकला नाही.

निघताना मी म्हातारबाबांना सलाम केला. त्यांनी कपाळाला हात लावून "सलाम" म्हटले. मी "रामराम" म्हणालो. मोटारसायकलवर मुलाने विचारले, "अब्बू, त्या आजोबांचं नाव काय होतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "पाबळकडचे होते."